ताण

डांबरात रबर किंवा पॉलिमर मिसळले की त्याची एक परीक्षा पाण्यात होते. कमरेत निमुळता असा नमुना 15 अंशांच्या पाण्यात सावकाश दहा सेंटीमीटर ताणतात. मग मधोमध कात्रीने कापतात आणि तासभर सोडून देतात. तासानंतर दोन तुकड्यांची टोके पुन्हा भिडवायला किती सरकवावे लागले, ते मोजतात. जेवढे आपोआप आटले, तेवढे डांबराचे गुण.

पूर्ण परतणे मानकाला अपेक्षित नाही. 2004 च्या भारतीय मानकातली किमान टक्केवारी शंभरच्या बरीच खाली होती. माणसाने मात्र पूर्ण परतावे असे सर्वांना वाटते. तासाचीही सवलत नसते.

18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो अधिकृतपणे कोणी मागे घेतलाच नाही. नायगावात स्प्रिंग मिलच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस उगवे, त्यांतले काही पुन्हा खात्यात गेले, काही गावी. दोघांनाही लोक एकच विचारत, आता सगळे पूर्वीसारखे ना? असे विचारणाऱ्याला उत्तर नको असते. त्याला मोकळे व्हायचे असते.

टायरचा चुरा तापलेल्या डांबरात विरघळत नाही. डांबरातली हलकी तेले पिऊन तो फुगतो. गुडइयरने 1839 साली गंधक घालून रबर तापवले, तेव्हाच रबराची मागे जायची वाट बंद झाली. म्हणून ते टिकते. म्हणूनच ते कशातही पुरते मिसळत नाही. नायगावच्या 42 बीडीडी चाळींत, 160 चौरस फुटांच्या खोल्यांत, कोकणातला आणि घाटावरचा भिंतीला भिंत लावून राहिले. विरघळले कोणीच नाही. हेल तेवढे एकमेकांचे उचलले.

मिश्रण एकजीव आहे की नाही, हे ढवळताना कळत नाही. ते ॲल्युमिनियमच्या नळीत भरून 163 अंशांवर उभे ठेवतात, हलवत नाहीत. नंतर गोठवून नळीचे तीन तुकडे करतात. वरचा आणि खालचा किती अंशांवर मऊ पडतो, ते ताडून पाहतात. मधला फेकून देतात. घरेही गडबड असते तोवर एकजीव दिसतात. फूट दिसते ती तेराव्यानंतर, सगळे स्वस्थ बसले की. मोठ्याचे ऐकतात, धाकट्याचे ऐकतात. मधल्याचे काय होते, ते मला पुस्तकात वाचावे लागले नाही.

डांबराचे परतणे मोजणाऱ्या नव्या यंत्रात नमुन्याला एक सेकंद भार आणि नऊ सेकंद विसावा देतात, पुन्हा पुन्हा. एकास नऊ. हा दर कुठल्या नोकरीत ऐकलेला नाही.

मुंबईचे रस्ते आता काँक्रीटचे होत आहेत. काँक्रीट ताणत नाही, तडकते. करणाऱ्यांना ते ठाऊक असते. ओतलेला पट्टा पुरता कडक होण्याआधी ठरावीक अंतरावर करवतीने चिरा पाडून ठेवतात, म्हणजे तडा जायचा तो तिथेच जावा. परवा चाळीच्या बाजूला ती करवत रात्री उशिरापर्यंत चालू होती. खिडकी लावून घेतली तरी ऐकू येत होती. सकाळी चिरेच्या दोन्ही कडांना राखाडी चिखल वाळलेला होता, आणि त्यावरून एक सायकल गेल्याची खूण.