‘सर, घरी चालत होतं!’

उभा राहा. लॅपटॉप मिटू नकोस, असू दे समोर. परवा प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक बसलेले असताना जे बोललास, ते आता माझ्यासमोर बोल. ‘सर, घरी चालत होतं.’ घरी म्हणजे तुझ्या विंडोजवर. आपल्या लॅबमध्ये उबुंटू आहे, हे तुला पहिल्या सत्रापासून माहीत आहे. तरी इथे येऊन एकदासुद्धा चालवून बघितलं नाहीस.

ऊस वजनपावतीचा विषय तू घेतलास तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. सोनईचा पोरगा तू. हंगामात मुळा कारखान्याच्या रस्त्याला लागलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या बघत वाढलास. काट्यावर गाडी चढली की शेतकऱ्याचं लक्ष आकड्यावर कसं खिळलेलं असतं, हे तुला मी सांगायला नको. त्या माणसाच्या वर्षभराच्या कष्टाची नोंद तुझ्या प्रोग्रॅममध्ये होणार होती. आणि तो पहिल्याच ओळीला पडला.

का पडला? वजन नोंदलं की आवाज यावा म्हणून तू ‘विनसाउंड’ आणलंस. पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत आहे, म्हणजे सगळीकडे असणारच, असं धरून चाललास. अरे, नावातच ‘विन’ आहे! पायथनच्या अधिकृत माहितीत विंडोजपुरत्या मॉड्यूल्सचं वेगळं प्रकरण आहे, युनिक्सपुरत्या मॉड्यूल्सचं वेगळं. ‘विनरेग’, ‘एमएसव्हीसीआरटी’ लिनक्सवर मिळत नाहीत. ‘एफसीएनटीएल’, ‘टर्मिऑस’, ‘पीडब्ल्यूडी’ विंडोजवर मिळत नाहीत. ‘ओएस’ दोन्हीकडे आहे, पण त्यातलं ‘फोर्क’ विंडोजवर नाही आणि ‘स्टार्टफाइल’ लिनक्सवर नाही. अशा फंक्शनखाली ‘अव्हेलेबिलिटी’ म्हणून एक ओळ छापलेली असते. ती वाचायला अर्धं मिनिट लागतं. तू व्हिडिओ बघून ओळी उतरवल्यास, ती ओळ उघडूनही बघितली नाहीस.

पण खरा राग मला याचा नाही. मॉड्यूल नसलं तर पायथन निदान ओरडून सांगतं. ‘विनसाउंड’ची ओळ काढून तू पुन्हा चालवलंस, पडद्यावर ‘नोंद झाली’ असं आलं आणि तू हसलास. परीक्षकांनी ‘डेटा’ फोल्डर उघडलं, तर आत काहीच नाही. नोंद कुठे गेली ते तुला सांगता आलं नाही. तू गेल्यावर मी शोधली. तू पत्ता लिहिला होतास ‘डेटा\पावती.सीएसव्ही’. विंडोजला ती उलटी तिरपी रेघ म्हणजे फोल्डरची हद्द. लिनक्सला ते नावातलं एक साधं अक्षर. म्हणून त्याने बाहेरच एक फाइल बनवली, पोटात तिरपी रेघ असलेल्या अख्ख्या नावाची. काट्यावर असं झालं असतं तर शेतकऱ्याच्या हातात पावती आणि दप्तरात नोंद नाही! मग ‘काटा मारला’ म्हणून लोकांनी कोणाला धरलं असतं? हे टाळायला ‘पाथलिब’ २०१४ सालापासून पायथनसोबत येतं. ते ज्या त्या मशीनची हद्द स्वतः ओळखतं.

आता हे बघ. चाचणीच्या यादीत तुझ्या आजोबांचं नाव रोमन अक्षरांत आहे. विचारलं तर म्हणालास, ‘सर, मराठी टाकलं की एरर येते.’ येणारच. फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितलं नाही, तर विंडोजवर पायथन मशीनच्या जुन्या अक्षरसंचावर जातं. तुझ्याकडे तो १२५२ क्रमांकाचा, पाश्चात्त्य लिप्यांचा. त्यात ‘अ’सुद्धा नाही. उबुंटूवर मुळात यूटीएफ-८ असतं, म्हणून तिथे हीच ओळ बिनतक्रार चालते. ३.१५ आवृत्तीपासून सगळीकडे यूटीएफ-८ करायचं ठरलेलं आहे, पण तुझ्याकडे आज जी आवृत्ती आहे तिचं काय? ‘एन्कोडिंग’ बरोबर ‘यूटीएफ-८’, एवढंच लिहायचं होतं. यादी एक्सेलमध्ये उघडायची असेल तर ‘यूटीएफ-८-सिग’. एवढ्यासाठी तू आजोबांचं नाव परक्या लिपीत टाकलंस. एरर दिसली की तिच्या मुळाशी जायचं असतं, आपली भाषा सोडून पळायचं नसतं.

अजून एक. दोन काट्यांवरून दोन कारकून एकाच वेळी नोंद करायला लागले तर? तुझ्या फाइलला कुलूप नाही. आपल्या शेजारच्या शिंगणापुरात घरांना दारं-कुलपं नसण्याची रीत आहे, ती श्रद्धेवर चालते. हिशोबाची वही श्रद्धेवर सोडता येत नाही. लिनक्सवर हे कुलूप ‘एफसीएनटीएल’ लावतं, विंडोजवर ‘एमएसव्हीसीआरटी’. दोन्ही सांभाळण्यापेक्षा नोंदी सरळ ‘एसक्यूलाइट३’मध्ये ठेव. तेही स्टँडर्ड लायब्ररीतलंच, दोन्हीकडे सारखं वागतं आणि एका वेळी एकालाच लिहू देतं.

तू मठ्ठ असतास तर मी एवढा बोललो नसतो. तुझं वजनवजावटीचं गणित बिनचूक आहे, ते मी दोनदा तपासलं. म्हणून तर जीव जळतो.

सोमवारी ११ वाजता लॅब उघडतो. आधी उबुंटूवर चालवून दाखव, मग विंडोजवर. आणि पहिली पावती आजोबांच्या नावाची, देवनागरीत छापून आण.