सोडलेला मासा

रेवसच्या धक्क्यावरून खाडीच्या अंगाने आत चालत आलात की आमच्या खाराचा बांध लागतो. बांधाला उघाडी आहे. पावसाळ्यात शेतातलं जादा पाणी ओहोटीला इथून खाडीत पडतं. त्या गोड्या पाण्याच्या तोंडाशी कोळंबी नि बोयटं जमतात, आणि त्यांच्या मागावर जिताडा येतो. चाळीस वर्षं झाली, मी इथे तंगुसाला गरी बांधून बसतो. घाटावरचे पाहुणे विचारतात, शेतकऱ्याला हा नाद कसा? खारेपाटात असा भेद नसतो. एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे बांध, आणि बांधावर आम्ही.

गेल्या दिवाळीनंतर माझ्या पुतण्याचा एक मित्र भाऊच्या धक्क्यावरून लाँचने आला. पाठीवर लांब नळी, तीत घडीची काठी. पोरगा हुशार होता. भरती लागताच त्याने दोन-अडीच किलोचा जिताडा काढला. मी टोपली पुढे केली. त्याने मासा ओल्या फडक्यावर ठेवला, पट्टीने मोजला, फोटो काढला आणि दोन्ही हातांनी पाण्यात धरून हळूच सोडून दिला.

"अरे, दोन घरांचं कालवण गेलं ना!" मी म्हटलं.

तो म्हणाला, "काका, हा बहुतेक अजून नर असेल. जिताडा आधी नर असतो, काही वर्षांनी मोठा झाला की त्याचीच मादी होते. मोठे मासे मारत गेलात तर अंडी घालायला कोण उरणार?"

जन्म गेला जिताड्याच्या शेजारात. घरामागच्या तळ्यात त्याची पिल्लं सोडून वाढवली. पण ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. दहावीच्या पुस्तकात नव्हती, आणि बाबांनाही माहीत असेल असं वाटत नाही. पुतण्या अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात असतो, त्याला फोनवर विचारलं. तो म्हणाला, खरं आहे. मग तिकडचंच सांगत बसला. तिकडे सामन समुद्रातून नदीत चढतो, अंडी घालतो आणि तिथेच मरतो. स्टीलहेड नावाचा दुसरा मासा तसाच चढतो, पण त्यातले काही जगून समुद्रात परततात. आमच्या जिताड्याचं उलटं. तो गोड्या-मचूळ पाण्यात वाढतो आणि अंड्यांसाठी खाडीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्यात उतरतो. तिकडच्या नद्यांवर रानटी स्टीलहेड गरीला लागला तर सोडावा लागतो. केंद्रात वाढवून सोडलेल्या माशाचा पाठीवरचा, शेपटीजवळचा बारीक पर कापलेला असतो, तो मात्र नेता येतो. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. बांधावर गरी टाकून बसलेल्या म्हाताऱ्याला कोण विचारतो?

पण माझं त्या पोराशी भांडण वेगळंच होतं. मी म्हटलं, "तुला भूक नाही, विकायचं नाही. मग त्याच्या टाळूत गरी कशाला घुसवलीस? मी मारतो, पण गरजेपोटी मारतो. तू खेळतोस." मला वाटलं, आता हा गप्प बसेल. तो शांतपणे म्हणाला, "काका, आज तुमच्या घरी कोंबडी शिजतेय. तुम्ही कुठल्या गरजेने बसलात?"

त्याला उत्तर दिलं नाही. रात्री झोप मात्र आली नाही, कारण हाच प्रश्न मला पूर्वी एकदा घरातूनच पडला होता.

तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांचा. ज्येष्ठातल्या अमावास्येच्या उधाणाला बांधाला खांड पडली आणि खारं पाणी सगळ्या शेतात पसरलं. पेरलेला राब गेला. जमिनीत मीठ बसलं की एका पावसात निघत नाही, म्हणजे पुढच्या सालाचीही खात्री नाही. दुकानाची उधारी थकली, तांदूळ विकत आणायची पाळी आली. भातवाल्याच्या घरात विकतचा तांदूळ! आय पिशवी पदराखाली झाकून आणायची. मी रात्री उघाडीवर बसू लागलो. पहिला जिताडा मिळाला तेव्हा हात थरथरत होते. तो चोंढीला विकला आणि तांदूळ आणला. त्या माशाबद्दल मला आजही काही वाटत नाही. वाटायचं कारणही नाही.

पुढे आणखी मिळाले. गणपतीच्या आत उधारी फिटली. तरी मी बसतच राहिलो. आयला सांगायचो, पुढच्या सालासाठी चार पैसे नकोत का? खरं म्हणजे तंगूस बोटावर ताणली की अंगातून जे काही जातं, त्याची चटक लागली होती. भाद्रपदी पौर्णिमेच्या उधाणाला एवढा मोठा लागला की खांद्यावर घेतला तर शेपूट कमरेखाली. तो विकला नाही, मिरवत घरी आणला. आयने विळीवर घेतला, पोट फाडलं आणि थांबली.

"पोटान गाबोली हाय रं हिचे," ती म्हणाली.

बाबा ओटीवर जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, "उधारी तर कवाच फिटली नं?"

एवढंच. रागावले नाहीत. गाबोळी तळली, सगळ्यांनी खाल्ली, मीही खाल्ली. चवीला चांगली होती, हे लपवत नाही.

त्या पोराचं मला अजूनही पटत नाही. खायचं नसताना टोचायचं आणि सोडलं म्हणून मोकळं व्हायचं, हे मला बरं वाटत नाही. सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असंही नाही. पण 'गरज' हा शब्द मी त्या वर्षी किती ताणला होता, हे त्याच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. पहिल्या माशाची गरज मी पुढच्या सगळ्या माशांना लावत गेलो. तो पोरगा निदान खेळाला खेळ म्हणत होता.

जाताना त्याने मला एक गरी दिली. तिचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केला होता. म्हणाला, "यातून मासा लवकर सुटतो, काका." पहिल्यांदा हसू आलं. मासा सुटावा म्हणून कोणी गरी बांधतं का?

ती तंबाखूच्या डबीत ठेवली आहे. परवा उधाणाला दोनदा बाहेर काढली. एकदा तंगुसाला गाठही मारली आणि परत सोडली.