गंमत धड्यातच हवी

डिसेंबर 2020 मध्ये माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झाले आणि सोलापूर जिल्ह्यातली प्राथमिक शाळा जगाच्या बातम्यांत आली. दहा लाख डॉलरच्या रकमेतला अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना दिला, हे पुष्कळांना आठवते. त्याहून जास्त आठवतात ते पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड. मोबाइल धरला की कविता ऐकू येते, गोष्ट पडद्यावर दिसते, ही कल्पना कुणालाही चटकन कळणारी होती आणि पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ती आली. पुरस्कार देणाऱ्या वार्की फाउंडेशनने मात्र त्यांच्या कामाची ओळख करून देताना कोडच्या बरोबरीने आणखी एक गोष्ट नोंदवली होती: पाठ्यपुस्तक मुलांच्या मातृभाषेत नेणे. तिच्याविषयी आपल्याकडे फारसे कुणी बोलले नाही. आनंददायी शिक्षण म्हटले की आपण साधनाकडे पाहतो. मुलाला समोरचे समजते आहे का, हा प्रश्न मागे पडतो. सहा-सात वर्षांचे मूल वर्गात रमते ते मुख्यतः समजल्यामुळे, आणि गंमत धड्याच्या आत नसेल तर बाहेरून आणलेली गंमत फार वेळ टिकत नाही, असे माझे मत आहे.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या सरकारी शाळांनी रूप बदलले. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांत ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलाने स्वतः करत शिकण्याच्या, पद्धतीने वर्ग चालू लागले, ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले, आणि 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाने ती लाट गावोगावी पोचवली. बाके हटली, मुले गटात जमिनीवर बसू लागली, भिंती बोलक्या झाल्या, फरशीवर अंकांच्या चौकटी रंगल्या. शिक्षण हक्क कायद्याने 2009 मध्येच छडीला बंदी केली होती. या बदलाने छडीची आठवणही पुसट केली. हे सगळे मोलाचेच आहे, कारण घाबरलेले मूल विचार करू शकत नाही. पण एका शाळेतून दुसऱ्या शाळेत रंग जितक्या लवकर पोचतो तितक्या लवकर पद्धत पोचत नाही. फरशीवरच्या चौकटीत उडी मारणारे मूल सातावर उभे आहे, की फक्त उडी मारते आहे, हे वरवर पाहून कळत नाही.

याविषयीचा एक मोठा पुरावा आपल्याच देशातला आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या दिल्लीतल्या बालवाड्यांमध्ये मोइरा डिलन, एलिझाबेथ स्पेल्की, एस्तेर द्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला; 2017 मध्ये तो प्रसिद्ध झाला. दोनशेहून अधिक बालवाड्यांतली सुमारे दीड हजार मुले त्यात होती. काही मुलांना गणिताचे खेळ दिले: कोणत्या चित्रात ठिपके जास्त, कोणता आकार वेगळा, अशा धर्तीचे. मुलांची संख्येची आणि आकाराची उपजत जाण सुधारली, आणि ती सुधारणा महिन्यांनंतरही टिकून होती. पण हीच मुले शाळेत गेल्यावर अंक आणि चिन्हांच्या गणितात इतरांच्या पुढे गेली नाहीत. खेळात कमावलेले वहीपर्यंत आपोआप आले नाही. याची दुसरी बाजू 2025 मध्ये एका अभ्यासातून पुढे आली. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुले गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब तोंडी बिनचूक करतात, पण तेवढीच आकडेमोड शाळेच्या पद्धतीने मांडून दिली की अडखळतात, असे त्या अभ्यासात आढळले. केवळ शाळेत शिकणाऱ्या मुलांचे उलट होते. त्यांना बाजारातला हिशेब जमेना. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले की शिक्षकाचे खरे काम दिसते. मुलाला जे येते, आवडते, हाताला ठाऊक आहे, त्यापासून अक्षर-अंकापर्यंतची वाट कुणीतरी बांधून द्यावी लागते. खेळ संपवून मग धडा उघडला, तर वाट बांधलीच गेली नाही असे होते. धडाच खेळाचा नियम व्हायला हवा.

सोलापुरात ही वाट कुठून सुरू होते, हे पाहण्यासारखे आहे. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर आणि विडी कामगारांच्या घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांत कन्नड, अनेक मोहल्ल्यांत उर्दू-दखनी. यातली पुष्कळ मुले मराठी शाळेत पहिलीला येतात. आता अंकांचे उदाहरण घ्या. मराठीत आपण एकवीस म्हणतो, म्हणजे आधी एक आणि मग वीस. लिहिताना मात्र आधी 2 आणि मग 1. एकोणतीस म्हणताना तिसाचे नाव घेतो आणि लिहितो 29. म्हणूनच दुसरीतले मूल एकवीस ऐकून 12 लिहिते, आणि ते ऐकले तसे लिहिते आहे, हे मोठ्यांच्या ध्यानात येत नाही. कन्नडमध्ये हीच संख्या इप्पत्तोंदु आणि तेलुगूत इरवै ओकटि; दोन्हींत आधी वीस आणि मग एक, अगदी लिहितो तसे. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे वाचन पर्याय म्हणून दिले गेले, तेव्हा विधानसभेपर्यंत वाद गेला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर मुलांची नेमकी हीच अडचण समजावून सांगत होत्या. विरोध करणाऱ्यांची कळकळ मला समजते. पंचवीस, सदतीस, त्र्याहत्तर ही नावे आपल्या भाषेची ठेव आहे आणि ती मुलांना आलीच पाहिजेत. पण स्थानिक किंमत कळेपर्यंत मुलाने ‘वीस एक’चा आधार घेतला तर त्या ठेवीतले काही कमी होत नाही. सोलापुरात तर हा आधार कित्येक मुलांच्या घरी तयारच आहे. ‘घरी तुम्ही हे कसं म्हणता?’ असे बाईंनी विचारले, तेलुगू बोलणाऱ्या मुलीने उत्तर दिले, आणि काड्यांचे दोन गठ्ठे व एक सुटी काडी तिच्या शब्दांच्या क्रमाने फळ्याखाली ठेवली, तर मराठी घरातल्या मुलांनाही 21 त्या दिवशी नव्याने दिसेल. जिची भाषा वर्गात अडचण मानली जात होती, तिच्या बोलण्याने वर्गाचे कोडे सुटले, याचा आनंद फुगे आणि टोप्यांनी येणाऱ्या आनंदापेक्षा फार खोल असतो.

ही दिशा महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांबरोबर काम केले, तेव्हा त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने यांतून शैक्षणिक साहित्य उभे केले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. त्या साहित्याचे मोल ते स्वस्त होते एवढ्यापुरते नव्हते. ते मुलाच्या ओळखीचे होते आणि मोजण्या-लावण्याच्या निश्चित हेतूने हातात दिले जात होते. सोलापुरात चिंचोके आहेत, ज्वारीचे दाणे आहेत, आणि चादर आहे. सोलापुरी चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते, चौकट चौकट मोजून. तिसरीच्या मुलांनी चौकटीच्या वहीत आपली नक्षी काढली, एका ओळीत किती भरल्या, अशा ओळी किती, एकूण किती, हे लिहिले, तर गुणाकार त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. इथे लिहिणे सोडून चालणार नाही. वर्गात मांडलेल्या दुकानातही प्रत्येक गिऱ्हाइकाला पावती लिहून मिळाली पाहिजे. दिल्लीच्या खेळांत नेमकी ती पावती नव्हती.

यावर जुन्या पद्धतीच्या बाजूने एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही: पाढे, उजळणी, शुद्धलेखन यांवाचून पाया होत नाही, आणि मुलांना सतत गमतीची सवय लावली तर कष्ट कोण करणार? मला यातला पहिला भाग पूर्ण मान्य आहे. आठ साते छप्पन्न जिभेवर नसेल तर चौथीतला भागाकार मुलाला छळतो. पण सरावाचे आणि आनंदाचे वैर आहे, हे मला पटत नाही. लहान मुलाला तीच गोष्ट दहादा ऐकायची असते. पाढ्यांना ठेका आहे, तो मुलांना मनापासून आवडतो. कंटाळा येतो तो अर्थ न कळता घोकायला लागल्यावर. कष्टांपासून मूल पळते ते दुसऱ्याच कारणाने, आणि त्याला पुष्कळदा आपली बक्षिसे जबाबदार असतात. स्टॅनफर्डच्या बालवाडीत केलेला आणि 1973 मध्ये प्रसिद्ध झालेला मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा प्रयोग याबाबत बोलका आहे. चित्र काढायला आवडणाऱ्या मुलांना ‘काढलेस तर प्रमाणपत्र मिळेल’ असे आधी सांगून चित्रे काढून घेतली. पुढे मोकळ्या वेळात ही मुले, बक्षीस न कबूल केलेल्या मुलांच्या तुलनेत, निम्माच वेळ चित्रांकडे वळली. प्रत्येक बरोबर उत्तराला स्टार आणि चॉकलेट देणाऱ्या वर्गांनी हे गंभीरपणे घ्यायला हवे. उत्तर बरोबर आले, हे स्वतः ताडून पाहता येणे, ही त्या वयात पुरेशी मोठी मिळकत असते.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे. द्विशिक्षकी शाळा, चार इयत्ता, शिवाय सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरणे. हे सगळे करायचे कधी? हा प्रश्न खराच आहे आणि त्याचे उत्तर शासनाने द्यायचे आहे; शिक्षकाच्या उत्साहावर ते ढकलणे अन्याय्य आहे. तरीही वेळ कुठे जातो हेही पाहावे. ‘असर’च्या 2022 च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या पाच मुलांपैकी जेमतेम एकाला दुसरीचा मजकूर वाचता आला. उरलेली चार मुले आपल्याला न कळणाऱ्या पुस्तकापुढे वर्ष काढतात. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेले मूल उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते, तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो आणि त्याला कुणी मागच्या पानावर नेत नाही. अशा मुलासाठी आनंददायी शिक्षण म्हणजे आधी त्याच्या पातळीचे पान उघडून देणे. रोज अर्धा तास इयत्ता विसरून मुलांचे वाचनाच्या पातळीप्रमाणे गट केले, तर याची सुरुवात होते. ‘प्रथम’ने हा मार्ग देशभर वापरून दाखवला आहे.

निपुण भारत अभियानाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि मोजता यावे यासाठी 2026-27 ही मुदत घातली. त्यासाठी सोलापूर जिल्हा परिषदेने आणि महानगरपालिकेने करावे असे एक काम फार खर्चाचे नाही. बालभारती कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमांसाठीही पाठ्यपुस्तके छापते. त्यांतली पहिली-दुसरीची गणिताची आणि भाषेची पुस्तके जिल्ह्यातल्या त्या-त्या वस्तीच्या मराठी शाळांत शिक्षकांच्या टेबलावर असावीत. ज्यांना ती लिपी येत नाही त्यांच्यासाठी शंभरपर्यंतचे अंक आणि रोजचे दोनेकशे शब्द देवनागरीत लिहिलेली छोटी पुस्तिका काढावी. ती तयार करायला याच जिल्ह्यातल्या कन्नड, तेलुगू आणि उर्दू शाळांतले शिक्षक आहेत, आणि शाळांच्या केंद्रपातळीवरच्या शिक्षण परिषदांमध्ये ते एकमेकांना भेटतातही.