दुकान कोणाचे?

शासकीय नोकरीत लिहिलेल्या टिप्पण्या फायलींबरोबर दप्तरात बंद होतात, अशी आपली समजूत असते. निवृत्तीनंतर कळते की त्यांतल्या काही आपल्याबरोबर घरी आलेल्या आहेत. अशीच एक टिप्पणी माझ्याबरोबर इंदूरला आली. १९८८ च्या सुमारास मी झाबुआ जिल्ह्यात होतो. एका भिल्ल तरुणाला आम्ही शासकीय कर्जातून किराणा दुकान काढून दिले. सहा महिन्यांनी पाहणीस गेलो, तेव्हा फळ्या रिकाम्या होत्या. तेल, गूळ, मीठ भाऊबंदांकडे उधारीवर गेले होते आणि गल्ल्यातील उरलीसुरली रक्कम त्याने एका नातलगाच्या लग्नाच्या नोत्र्यात घातली होती. मी फाइलवर लिहिले, ‘लाभार्थी व्यवसायास अपात्र’. या तीन शब्दांमुळे त्याला दुसरे कर्ज मिळाले नाही.

नोत्रा म्हणजे काय, हे तेव्हा मला ऐकून ठाऊक होते, समजले नव्हते. आज तुमच्या कार्यात मी रक्कम घालायची, उद्या माझ्या कार्यात तुम्ही तिच्यात भर घालून ती परत करायची, असा तो व्यवहार. ज्या मुलुखात पेढी नाही, विमा नाही आणि पाऊसही बेभरवशाचा, तेथे तोच विमा आणि तीच पेढी. त्या तरुणाने भांडवल उडविले नव्हते. मला वाचता न येणाऱ्या खातेवहीत त्याने ते जमा केले होते.

ही आठवण पुन्हा वर आली ती फार दूरच्या ठिकाणी. मुलाकडे मेलबर्नला गेलो असताना तेथील कलादालनात ऑस्ट्रेलियाच्या मध्यवर्ती वाळवंटातील मूलनिवासींची ठिपक्यांची चित्रे पाहिली. त्यांच्यामागे चित्रकारांच्याच मालकीची एक कंपनी आहे, असे तेथे वाचले आणि आश्चर्य वाटले. मग जमेल तितके वाचत गेलो. दूरच्या वस्त्यांतील माणसांना उद्योगधंद्यासाठी साहाय्य करावे, याविषयी कोणाचे दुमत नसते. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. साहाय्य करणाऱ्याला कशाचा अधिकार मिळतो? धंदा कसा चालावा आणि नफा कशासाठी खर्च व्हावा, हे ठरविण्याचाही अधिकार मिळतो काय?

या प्रश्नाचे एक उत्तर अल्बर्ट नमतजिरा या चित्रकाराच्या आयुष्यात आहे. त्यांची जलरंगातील निसर्गचित्रे हातोहात विकली जात. उत्पन्नावर शासन कर घेई. परंतु त्याच उत्पन्नातून त्यांनी गुरांच्या कुरणासाठी जमिनीचा पट्टा मागितला, तेव्हा तो नाकारला गेला. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज गावात घर बांधू म्हटले, तर तेही नाकारले गेले. १९५७ मध्ये अपवाद म्हणून त्यांना पूर्ण नागरिकत्व मिळाले. नातलग मात्र शासनाच्या पालकत्वाखालीच राहिले. जे मिळेल ते वाटून घ्यायचे, हा त्या समाजाचा धर्म. १९५८ मध्ये आप्ताला मद्य दिल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. ती त्यांनी पापुन्या या वसाहतीत भोगली आणि १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले. १९८३ मध्ये त्यांच्या चित्रांचे स्वामित्वहक्क सार्वजनिक विश्वस्ताने अवघ्या साडेआठ हजार डॉलरना विकून टाकले. ते त्यांच्या वंशजांसाठी असलेल्या न्यासाकडे परत यायला २०१७ साल उजाडले. कर्तृत्व, ग्राहक आणि पैसा हे सर्व या माणसापाशी होते. नव्हता तो केवळ ठरविण्याचा हक्क.

दुसरे उत्तर त्याच पापुन्यात घडले. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या वायव्येस सुमारे २४० किलोमीटरवर असलेली ही वसाहत, वाळवंटातील निरनिराळ्या भाषांच्या लोकांना एकत्र आणून त्यांना ‘सुधारण्यासाठी’ वसविलेली. १९७१ मध्ये जेफ्री बार्डन हा तरुण चित्रकलाशिक्षक तेथील शाळेत आला. मुले वाळूत काढीत असलेल्या आकृत्यांकडे त्याचे लक्ष गेले. त्याच्या प्रोत्साहनाने वडीलधाऱ्यांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीचे चित्र काढले. पुढे त्या भिंतीवर रंग फासला गेला; परंतु जे सुरू झाले ते थांबले नाही. १९७२ मध्ये ‘पापुन्या तुला आर्टिस्ट्स’ ही कंपनी स्थापन झाली. तिचे भागधारक चित्रकार स्वतः. त्याच वर्षी बार्डनने पापुन्या सोडले. कंपनी आजही आहे.

आपल्या वाचकांना येथे भोपाळचे भारत भवन आठवेल. त्याच्या बांधकामावर मजुरी करणाऱ्या झाबुआच्या भूरीबाईंना जगदीश स्वामिनाथन यांनी चित्रे काढण्यास उद्युक्त केले, आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. स्वामिनाथन आणि बार्डन यांच्यात एक गुण समान होता. समोरच्या माणसाजवळ काय नाही याची यादी त्यांनी केली नाही. काय आहे ते विचारले. माझ्या पाहणीच्या छापील नमुन्यात असा रकानाच नव्हता.

प्रारंभीच्या वर्षांत या चित्रांना बाजार नव्हता. तेव्हा १९७३ मध्ये स्थापन झालेल्या मूलनिवासी कला मंडळाने, म्हणजे शासनानेच, पुष्कळ चित्रे विकत घेतली. हे मला महत्त्वाचे वाटते. शासन येथे दाता म्हणून न येता गिऱ्हाईक म्हणून आले. दान घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते. माल विकणारा ताठ उभा राहू शकतो. २०१५ पासून ऑस्ट्रेलियाच्या केंद्रशासनाने आपल्या खरेदीच्या कंत्राटांपैकी तीन टक्के मूलनिवासींच्या उद्योगांना देण्याचे उद्दिष्ट ठेवले, त्यामागेही हेच तत्त्व आहे. अर्थात जेथे सवलत, तेथे पळवाट. नाव मूलनिवासीचे आणि तिजोरी दुसऱ्याची, असे प्रकार तेथेही होऊ लागले, म्हणून मालकीची अट कडक करण्याचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर झाला. ज्यांनी आदिवासीच्या नावावर घेतलेला ट्रक आणि त्याची किल्ली शेठजींच्या खिशात पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता नफ्याविषयी. पापुन्यातील पिंटुपी लोकांनी १९८१ मध्ये आपल्या मूळ भूमीची वाट धरली आणि किंटोर ही वस्ती उभी केली. ती अ‍ॅलिस स्प्रिंग्जपासून पाचशेहून अधिक किलोमीटर पश्चिमेस आहे. मूत्रपिंडाच्या विकाराने या समाजाला ग्रासले आहे. डायलिसिस आठवड्यातून तीनदा लागते आणि ते शहरातच होई. त्यामुळे ज्यांनी मुलांना भूमीच्या कथा सांगायच्या, तेच वडीलधारे परक्या गावात एकाकी आयुष्य काढीत. यंत्र इतक्या दूर नेणे परवडणारे नाही, असा हिशेब होता. तेव्हा २००० मध्ये किंटोर आणि किविरकुरा येथील चित्रकारांनी एकत्र बसून मोठी चित्रे काढली. सिडनीच्या कलादालनात लिलाव होऊन दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली, आणि २००४ मध्ये किंटोरमध्ये डायलिसिस सुरू झाले. पुढे याच संस्थेने इतर अनेक दूरच्या वस्त्यांत ही सोय नेली.

हा पैसा कोणी ‘धंद्यात गुंतवा’ म्हणाले असते, तर व्यवस्थापनाच्या दृष्टीने तो सल्ला चूक नव्हता. चित्रकारांनी त्या पैशातून आपल्या वृद्धांचे घरी असणे विकत घेतले. हा नोत्राच होता, वाळवंटातला. तो पाहिल्यावर माझ्या जुन्या टिप्पणीतला ‘अपात्र’ हा शब्द मलाच लागू पडतो, असे वाटू लागले.

याच्या विरुद्ध बाजूने जे म्हणता येते ते मी सोडून देत नाही, कारण आयुष्यभर मी त्याच बाजूने बोललो. पैसा जनतेचा असेल, तर त्याचा हिशेब हवाच. माझे म्हणणे एवढेच की हिशेब मागणे निराळे आणि हेतू ठरवून देणे निराळे. दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. नात्याचे देणे कधी कधी उद्योजकाला बुडविते, आणि त्यातून मोकळे होऊ पाहणाऱ्या तरुण मुलीला वा मुलाला ‘ही तुमची संस्कृती’ म्हणून पुन्हा तेथेच ढकलणे हाही अन्यायच. परंतु ही सोडवणूकही ज्याची त्याने करायची असते. आपल्या जुन्या वाड्यांत काय घडले? कोकणातून, देशावरून आलेला भाचा वर्षानुवर्षे राही, शिके, नोकरीला लागे. त्यापायी एखाद्या काकांची पेढी बसलीही. काही घरांनी चूल वेगळी केली, काहींनी केली नाही. कोणा अधिकाऱ्याने येऊन आम्हांला ‘व्यवसायास अपात्र’ ठरविले नाही. आमचे तोटे हे आमचे औदार्य ठरले. त्या तरुणाचा तोटा मात्र त्याच्या जमातीचा दोष ठरला.

शिवाय आपणही कधीतरी येथे आलेलेच आहोत. होळकरांच्या मागोमाग आलेल्या आपल्या पूर्वजांना सनदा मिळाल्या, वतने मिळाली. त्यांतून त्यांनी देवळे बांधली, पोथ्या लिहून घेतल्या की पंगती घातल्या, हे कोणी विचारले नाही. राजाश्रयाला आपण मान म्हणतो. तसाच आश्रय भिल्लाला मिळाला की त्याला अनुदान म्हणतो आणि मागोमाग निरीक्षक पाठवितो. हा शब्दभेद मी चाकरीतील तीस-बत्तीस वर्षांत एकदाही तपासून पाहिला नाही.

दूरची वस्ती, असा शब्द आपण सहज वापरतो. दूर कोणापासून? किंटोरच्या वृद्धेला किंटोर दूर नव्हते. दूर होते ते रुग्णालय. साहाय्य करणाऱ्याने हे अंतर आपल्या बाजूने मोजायचे सोडले, तर निम्मे काम झाले असे मला वाटते. उरलेले निम्मे म्हणजे समोरच्याला त्याच्या मर्जीने चुकू देण्याची तयारी.

त्या तरुणाचे नाव माझ्या स्मरणात आहे, गावही आहे. तो आज असेल, तर माझ्याच वयाचा असेल. येत्या पावसाळ्यानंतर एकदा तिकडे जाऊन यावे, असे मनात आहे. कर्ज घेऊन जाण्याचा अधिकार आता माझ्यापाशी नाही. घरात एखादे कार्य असेल, तर नोत्र्यात माझी रक्कम घालता येईल काय, एवढे विचारायचे आहे.