तिने आईला का नाही सांगितलं?

1992 साली कथालेखिका ॲलिस मन्रो यांच्या वाचनात एक कथा आली. दुसऱ्या कुणाची. सावत्र बापाच्या लैंगिक अत्याचारानंतर कथेतली मुलगी जीव देते. मन्रो कळवळल्या. या मुलीने आईला का नाही सांगितलं, असं त्यांनी आपल्या धाकट्या लेकीला, अँड्रियाला विचारलं.

पंचवीस वर्षांच्या अँड्रियाने मग आईला पत्र लिहून सांगितलं. 1976 च्या उन्हाळ्यात, ती नऊ वर्षांची असताना, आईचा दुसरा नवरा जेराल्ड फ्रेमलिन याने तिच्यावर अत्याचार केला होता. तिच्या वडिलांच्या कानावर ते तेव्हाच गेलं होतं. त्यांनी मन्रोंना काही कळवलं नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात मुलीला पुन्हा आईच्या घरी पाठवलं. पत्र वाचून मन्रो काही महिने नवऱ्यापासून दूर राहिल्या आणि परतल्या. आपल्याला हे फार उशिरा कळलं आणि आपलं त्याच्यावर प्रेम आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. 2005 मध्ये फ्रेमलिनने कोर्टात गुन्हा कबूल केला, तरीही 2013 मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत मन्रो त्याच्यासोबतच होत्या. त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं.

13 मे 2024 रोजी त्या गेल्या. दोन महिन्यांच्या आत अँड्रिया रॉबिन स्किनर यांचा लेख ‘टोरांटो स्टार’मध्ये आला आणि मन्रोंची पुस्तकं वर्षानुवर्षं उशाशी ठेवणाऱ्या वाचकांच्या पायाखालची जमीन सरकली.

लेखणी वेगळी आणि माणूस वेगळा, हे अशा वेळी चटकन सांगितलं जातं. आपल्या काव्यशास्त्राला हा प्रश्न इतका सोपा कधी वाटला नाही. दहाव्या शतकातला राजशेखर ‘काव्यमीमांसे’त कवीचा स्वभाव काव्यात उतरतोच असं मानतो आणि कवीकडून वाणी, मन व शरीर अशी तिन्हींची शुचिता मागतो. अभिनवगुप्ताचं लक्ष रसिकाकडे आहे. कथेतलं दुःख अमक्याचं-तमक्याचं न राहता सर्वांचं होतं, तेव्हा रस निष्पन्न होतो. आणि रसिकाच्या खासगी सुखदुःखाची आठवण मध्ये आली की रसात विघ्न येतं. मग लेखिकेच्या घरातली हकिकत हेही असंच एक विघ्न समजून बाजूला सारायचं का?

मन्रोंच्या बाबतीत ते जमतच नाही, कारण ती हकिकत कथेच्या आत बसलेली आहे.

‘व्हॅन्डल्स’ ही त्यांची कथा 1993 मध्ये ‘न्यू यॉर्कर’मध्ये छापून आली, म्हणजे पत्राच्या पुढच्याच वर्षी. कथेतला लॅडनर मेलेल्या प्राण्यांची कातडी बनावट धडांवर चढवून ते जिवंत दिसतील असे उभे करतो. शेजारची लिझा आणि तिचा भाऊ त्याच्या रानात खेळायला येतात, आणि तिथे काय घडतं ते कथा फार थोड्या शब्दांत कळू देते. लॅडनरची सोबतीण बिया मुलांवर माया करते. ही बाई मनात आणेल तर आपल्याला वाचवू शकेल, अशी त्या पोरीला आशा असते. बिया मनात आणत नाही. मोठी झालेली लिझा एका हिवाळ्यात त्या रिकाम्या घराची नासधूस करते.

पूर्वी ही कथा वाचताना वाटे, न पाहणाऱ्या बाईला लेखिकेने किती आतून ओळखलं आहे! ते खरंच होतं. राजशेखराचं म्हणणं इथे अंगावर काटा आणणाऱ्या रीतीने खरं ठरतं. कथेचा कस उतरलेला नाही, पण तिच्यातला प्रत्येक शब्द आता दोनदा ऐकू येतो.

साहित्याने माणूस संवेदनशील होतो, असं शाळेपासून शिकवलं जातं. इथे मात्र कागदावरच्या मुलीसाठी ज्यांचं मन भरून आलं, त्यांनाच पोटच्या मुलीपाशी थांबता आलं नाही. धर्म कळतो, पण पाऊल तिकडे वळत नाही, ही दुर्योधनाच्या तोंडी घातलेली कबुली आठवते. जाण आणि कृती यांच्यातली ही दरी उत्तम कथाही बुजवत नाही, हे मान्य करणं वाचकाला जड जातं. मन्रोंवरचा राग बराचसा त्यातूनच येतो.

ज्यांना आता ही पुस्तकं हातात धरवत नाहीत, त्यांनी ती मिटली तर त्यात गैर काहीच नाही. वाचायचंच असेल, तर पूर्वीसारखं वाचू नये. कारण अँड्रियाची हकिकत अनेकांना वर्षानुवर्षं ठाऊक होती. मन्रोंच्या चरित्रकारालाही अँड्रियाने कळवलं होतं, तरी 2005 च्या चरित्रात ते आलं नाही. मोठ्या लेखिकेची कीर्ती सांभाळण्यात एका मुलीचा आवाज दाबला गेला आणि नकळत का होईना, वाचकांचं प्रेमही त्या कीर्तीत जमा होतं. पुस्तकं जाळा, अशी अँड्रियाची मागणी नाही. आईविषयी लोक जे जे सांगतात, त्यात आपलीही गोष्ट असावी, एवढंच तिचं म्हणणं आहे.

‘व्हॅन्डल्स’ सुरू होते ती बियाच्या पत्राने. घराची पाहणी करून आल्याबद्दल ती त्यात लिझाचे आभार मानते.