'पहले आप'ची किंमत

पडद्यावर शत्रू दिसला आणि पापणी लवायच्या आत गोळी सुटली, की बघणारे म्हणतात, काय हात चालतो! व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारख्या नेमबाजीच्या खेळांतलं सगळं कौशल्य असं हाताच्या नावावर जमा होतं. माझ्या मते त्यातलं बरंचसं श्रेय चुकीच्या पत्त्यावर जातं. दिसलेल्या गोष्टीला बोटाने साधा प्रतिसाद द्यायलाच निरोगी तरुणाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, आणि सरावाने त्यातून फारसं काही कापता येत नाही. निवड करायची असेल तर वेळ आणखी वाढतो. डच शरीरशास्त्रज्ञ डोंडर्स यांनी हे १८६८ सालीच मोजून दाखवलं होतं. आता सेकंदाला पाच मीटर वेगाने कुणी भिंतीआडून निघाला, तर २०० मिलिसेकंदांत तो पुरा एक मीटर सरकतो. दिसल्यावरच हलणारा खेळाडू शत्रू मघाशी होता तिथे नेम धरतो. मुरलेल्याचा क्रॉसहेअर, म्हणजे पडद्यावरचं नेमाचं चिन्ह, मात्र आधीच, डोक्याच्या उंचीला, भिंतीच्या कडेपासून बेतलेल्या अंतरावर जाऊन थांबलेला असतो. पावलांचा आवाज कुठून आला, गेल्या फेरीत हा गडी कुठून घुसला, त्याच्याकडे कोणती बंदूक परवडण्याइतके पैसे उरले असतील, हा सगळा हिशेब त्या थांबण्यात असतो.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्याला हे नवं वाटू नये. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिओड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फलंदाजांच्या नजरेचा माग काढला. चेंडू हातातून सुटताना बघायचा, मग नजरेने टप्पा पडेल त्या जागी उडी घ्यायची आणि तिथे चेंडूची वाट बघायची, असा तो प्रकार निघाला. तरबेज फलंदाजाची उडी कच्च्याच्या आधी पडत होती. 'नजर चेंडूवरून हलवू नकोस' हा मैदानामैदानावरचा उपदेश, म्हणजे, चांगले फलंदाज स्वतःच पाळत नाहीत.

पण क्रिकेटमध्ये गोलंदाज आणि फलंदाज दोघांना चेंडू एकाच क्षणी दिसतो; ऑनलाइन खेळात तसं नसतं, आणि खरी गंमत तिथे सुरू होते. समजा एक खेळाडू लखनौच्या आलमबागेत बसला आहे आणि खेळ चालवणारा सर्व्हर मुंबईत आहे. सरळ रेषेत अंतर सुमारे १,२०० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश मिलिसेकंदाला २०० किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन किमान १२ मिलिसेकंद; तारेची वळणं आणि वाटेतली यंत्रं धरली तर बरेच जास्त. भिंतीआडून बाहेर येणाऱ्याला समोरचा लगेच दिसतो, पण तो बाहेर आल्याची बातमी आधी सर्व्हरला आणि मग समोरच्याला पोचते. खेळाडू याला 'पीकर्स ॲडव्हांटेज' म्हणतात. दोघांचाही उशीर एकत्र होऊन दबा धरणाऱ्याच्या माथी बसतो. त्यामुळे आलमबागेतला मुलगा दबा धरून बसला तर अंतर त्याला छळतं, पण तोच पुढे झाला तर तेच अंतर त्याच्या बाजूने लढतं. 'पहले आप' म्हणत समोरच्याला पुढे जाऊ देणाऱ्या लखनौला हा नियम जरा जड जाईल! थांबा की निघा, बोटांची चपळाई तीच राहते. कधी थांबायचं आणि कधी निघायचं, हे ओळखणं तेवढं आपल्या हाती उरतं.

यावर वयाचा मुद्दा निघेल. स्टारक्राफ्ट २ च्या ३,३०५ खेळाडूंवरच्या २०१४ सालच्या अभ्यासात चोविशीनंतर मंदपणा दिसला, हे खरं. तो डावपेचांचा खेळ असला तरी इशारा इथेही लागू पडेल. मात्र वयाने मोठे खेळाडू सोप्या क्लृप्त्या वापरून ती तूट भरून काढत असावेत, असंही त्याच अभ्यासात सुचवलं आहे. याहून बळकट आक्षेप असा, की दोघांनाही सारखंच कळत असेल तर शेवटी बोटंच ठरवतात. हे मान्यच करायला हवं. अंतिम सामन्यात वीस मिलिसेकंदांनी चषक जाऊ शकतो. पण तिथवर जे पोचले ते बोटांच्या जोरावर नव्हे. शिवाय ओळखण्याला स्वतःचा असा एक धोका आहे, जो बोटांना नाही. खो-खोत हूल दिली की जाणता गडी फसतो, कारण तो आधीच पुढची पावलं वाचत असतो. इथेही एका बाजूला पावलं मुद्दाम वाजवून दुसरीकडून शिरणारे असतात. नवख्यावर ती चाल वाया जाते. त्याने आवाज ऐकलेलाच नसतो.