विचित्र अक्षरांचे कर्मकांड

नवा पासवर्ड ठरवायला बसले की बहुतेक ठिकाणी एकच आज्ञा समोर येते: किमान आठ अक्षरे हवीत, त्यांत एक कॅपिटल, एक आकडा आणि एक विशेष चिन्ह. डॉलर, उद्गारचिन्ह, ॲट यांपैकी काहीतरी घातल्याशिवाय पुढचे दार उघडत नाही. कारण कुणी सांगत नाही आणि सहसा कुणी विचारतही नाही. ज्याचा कार्यकारणभाव ठाऊक नाही असा विधी बिनचूक पार पाडणे आपल्याला नवे नाही, म्हणून ही आज्ञा पचतेही लवकर. पण तिच्या पोटात एक खरा तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. अक्षराच्या विचित्रपणात स्वतःचे असे काही सामर्थ्य असते का? माझे म्हणणे असे की नसते. विचित्रपणा हा चिन्हाचा गुण नाही. ते चिन्ह कुणी, कसे निवडले आणि समोरच्याची काय अपेक्षा होती, यावर तो ठरतो. हुकूम देऊन तो माणसाकडून काढून घेता येत नाही.

या प्रश्नाची एक जुनी बाजू यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचा अर्थ उलगडणाऱ्या प्राचीन ग्रंथात सापडते. मंत्रांना अर्थच नसतो, असे म्हणणाऱ्या कौत्साचे मत यास्काने तिथे नोंदवले आहे. कौत्साचा एक पुरावा मोठा मार्मिक आहे: मंत्रातले शब्द ठरलेले, त्यांचा क्रमही ठरलेला. अर्थच महत्त्वाचा असता तर एका शब्दाऐवजी त्याच अर्थाचा दुसरा शब्द चालला असता. तो चालत नाही. यास्क उत्तर देतो की मंत्रांतले शब्द लोकव्यवहारातलेच आहेत, आणि ठरलेला क्रम तर व्यवहारातही असतो. आपण पिता-पुत्र म्हणतो, उलटे म्हणत नाही. मंत्रांपुरता यास्काचा पक्ष मला सबळ वाटतो. मात्र कौत्साने केलेले वर्णन पासवर्डला तंतोतंत लागू पडते. पासवर्डात आईच्या जागी माता चालत नाही, एक काना इकडचा तिकडे झालेला चालत नाही. संगणक त्या अक्षरांवरून एक ठसा काढतो, साठवलेल्या ठशाशी ताडून पाहतो आणि मोकळा होतो. अर्थाशी त्याला देणेघेणे नाही. इथवर आले की मोह होतो: अर्थ निरुपयोगीच असेल, तर जितकी अर्थहीन अक्षरे तितके बळ जास्त! नेमकी इथेच गल्लत होते. यंत्र अर्थाला आंधळे असले तरी चोर आंधळा नाही. तो यंत्राचा अंदाज घेत नसतो, पासवर्ड रचणाऱ्या माणसाचा घेत असतो.

आणि माणूस कसा रचतो, हे चांगलेच ठाऊक झालेले आहे. बेल लॅब्जच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ३,२८९ पासवर्ड तपासले होते. त्यांतले ८६ टक्के एक तर फार आखूड होते किंवा शब्दकोशांत आणि नावांच्या याद्यांत सापडणारे होते. उपाय म्हणून चिन्हांची सक्ती पुढे रूढ झाली. अमेरिकेतल्या ‘निस्ट’ या मानके ठरवणाऱ्या संस्थेसाठी बिल बर यांनी २००३ साली लिहिलेल्या मार्गदर्शिकेने तिला वजन दिले. लोकांनी सक्ती पाळली, पण आपल्या पद्धतीने. कॅपिटल अक्षर पहिले, आकडा शेवटी, त्यामागे उद्गारचिन्ह. एच्या जागी ॲट, एसच्या जागी डॉलर, ओच्या जागी शून्य. प्रत्येकाला वाटले ही युक्ती आपल्यालाच सुचली. पासवर्ड फोडणाऱ्या हॅशकॅटसारख्या साधनांत हे बदल नियम म्हणून आधीच लिहून ठेवलेले असतात. २०१७ साली बर यांनी वॉल स्ट्रीट जर्नलशी बोलताना त्या सल्ल्यातल्या बऱ्याच भागाबद्दल खंत व्यक्त केली. त्याच वर्षी निस्टने चिन्हांची सक्ती करू नये, लांब पासवर्ड चालू द्यावेत आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी नवा पासवर्ड ताडून पाहावा, असे सांगितले. नियम मागे घेतला गेला, तरी विधी अजून ठिकठिकाणी चालूच आहे.

यावर गणिताचा आक्षेप येईल. कीबोर्डवर छापता येणारी चिन्हे रिकाम्या जागेसकट ९५ आहेत. इंग्रजीची लहान अक्षरे फक्त २६. आठ जागा भरायच्या तर ९५ चिन्हांतून होणाऱ्या रचना २६ अक्षरांतून होणाऱ्या रचनांच्या तीस हजारांहून अधिक पट होतात. हिशेब बरोबर आहे. पण प्रत्येक जागेवर प्रत्येक चिन्ह येण्याची शक्यता सारखी असेल तरच तो लागू पडतो, आणि सक्ती त्याची हमी देऊ शकत नाही. शिवाय निवड खरोखर यदृच्छेने होणार असेल, तर चिन्हांवाचूनही काम भागते. नुसत्या लहान अक्षरांच्या बारा जागा ९५ चिन्हांच्या आठ जागांहून सुमारे चौदा पट रचना देतात. तेव्हा बळ येते लांबीतून आणि बेहिशेबी निवडीतून.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. डॉलर सगळ्यांनाच सुचतो, हे मान्य. पण देवनागरी घातली तर? ळ किंवा ज्ञ कोणता परदेशी चोर तपासून पाहणार? आज कदाचित नाही तपासणार. पण शत्रूच्या अज्ञानावर उभारलेली सुरक्षा शत्रू शहाणा होईपर्यंतच टिकते. किल्ली सोडून बाकी सारी रीत शत्रूला कळली तरी गुपित टिकले पाहिजे, ही कसोटी ऑग्युस्त केर्कहॉफ्सने १८८३ सालीच घालून दिली आहे. आणि ळ विचित्र कुणाला? कोल्हापुरातल्या चोराला तर नक्कीच नाही. त्यात तांत्रिक खोडही आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये एकच चिन्ह म्हणून लिहिता येतो किंवा र आणि खालचा नुक्ता अशी दोन चिन्हे जोडूनही, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, ठसा मात्र वेगळा निघतो. साठवण्याआधी अशी रूपे एकसारखी करून घ्यावीत, असे निस्टही सांगते. पण ‘दुसऱ्या’मधला तोच अर्धा र डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह वापरूनही लिहिता येतो, आणि ते रूप या एकसारखेपणातून सुटते. फोन बदलला आणि कळफलक निराळा निघाला, तर धनीच दाराबाहेर राहायचा. देवनागरीला पासवर्डात जागा असावी, असे मला जरूर वाटते. पण ती आपली रोजची लिपी म्हणून, चोराला चकवणारी म्हणून नव्हे.

उरतो तो श्रद्धाळू आक्षेप: सक्तीने फारसे साधत नसेलही, पण तिच्यामुळे माणूस सावध तरी राहतो. इथे वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचा विवेक उपयोगी पडतो. यज्ञासाठी भात मुसळाने कांडावे, असा विधी आहे. तूस नखांनीही निघेल, मग मुसळच का? मीमांसक त्या नेमाला अदृष्ट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे पुण्यरूप फळ मानतात. पण तेही, दृष्ट फळाने भागत असेल तर अदृष्टाची कल्पना करू नये, या मर्यादेत राहून. पासवर्डाचा नियम तर निव्वळ दृष्टासाठी आहे. चोर बाहेर राहिला पाहिजे, एवढेच त्याचे फळ. ते मिळत नसेल तर पुण्याच्या भरवशावर तो टिकवता येणार नाही. सावधपणाचे म्हणाल तर अनुभव उलटाच दिसतो. चिन्हांचा जाच वाढला की एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरला जातो.

यदृच्छेने निवडलेले लक्षात कसे राहणार, ही अडचण मात्र खरी आहे. बहुतेक पासवर्ड सांभाळायला आता साधने आहेत. पण एक-दोन तरी डोक्यातच ठेवावे लागतात. त्यासाठी अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ साली डाइसवेअर ही रीत सुचवली. ७,७७६ साध्या शब्दांची यादी घ्यायची, पाच फासे टाकायचे, येईल त्या आकड्याचा शब्द उचलायचा, आणि असे सहा शब्द ओळीने मांडायचे. यादी चोराच्या हाती असली तरी बिघडत नाही. अट एकच: आलेला शब्द आवडला नाही म्हणून फासे पुन्हा टाकायचे नाहीत, कारण आपल्या आवडीनिवडी चोराला आपल्याइतक्याच ठाऊक असतात. निवड संपल्यावर त्या सहा शब्दांची हवी तेवढी वेडीवाकडी गोष्ट रचून ती पाठ करावी. तिथे अर्थ आला तरी चोराच्या हाती काही लागत नाही. कौत्साचे राज्य फासे पडेपर्यंतच; लक्षात ठेवायची वेळ आली की यास्काकडे जावे लागते.